दुसऱ्या सीटचा सौदा

शुभा,

आज सकाळी रफिकभाईने परत विचारलं, "मॅडम, एक सीट का दोन? स्टील मशीनवर चढवून ठेवलंय. बाकी साचा तयार आहे, फक्त कॉकपिट कोरायचं बाकी आहे."

मी म्हटलं, उद्या सांगते. तो माणूस माझ्या टूलरूममध्ये केस पांढरे करून बसलाय, त्याला माझं 'उद्या' ओळखीचं आहे. ज्या दिवशी मला भाव जमत नाही त्या दिवशी मी उद्या म्हणते. तो म्हणाला, "बरोबर, शुभामॅडमला विचारूनच सांगा." मग त्याचं त्यालाच कळलं, आणि तो उगाच हवेची नळी घेऊन स्वच्छ टेबल साफ करायला लागला.

तू गेल्यापासून सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलताहेत. किती शांत होती, किती समजूतदार होती. मी त्यांच्यात मान खाली घालून बसते, कारण माझं तुझ्याशी भांडण चालू आहे. ते मिटलेलं नाही. आणि अर्ध्या सौद्यातून उठून जाणं ही माझी पद्धत होती, तुझी नव्हती.

तुझे विद्याधर म्हणाले, तुमच्या मॉडेलवाल्यांच्या अंकासाठी काहीतरी लिहून द्या, तुमच्याइतकं तिला कोण ओळखतं. म्हणून लिहायला बसले. तुझा जन्म, शिक्षण, नोकरी हे दुसरं कोणीतरी लिहील. मी निवटीबद्दल, आपल्या यानाबद्दल लिहिणार.

तू पावणे गावातल्या माझ्या गाळ्यात पहिल्यांदा आलीस तेव्हा मी फोनवर एका गिऱ्हाइकाला झापत होते. आम्ही प्लास्टिकच्या बादल्यांच्या कड्या बनवतो, बाटल्यांची झाकणं, डब्यांचे कान. तू थांबलीस, माझं झापून होऊ दिलंस आणि टेबलावर कागद पसरलास. मला वाटलं कुठल्यातरी पंपाचा भाग आहे.

"काय आहे हे?"

"अवकाशातलं लढाऊ यान आहे. जड प्रकारातलं. विमानवाहू जहाजावरून उडणारं."

"कुठल्या जहाजावरून?"

"तेही अवकाशातच असतं. ते काढायचंय अजून."

"आणि लढतं कोणाशी?"

तू थोडा विचार केलास. "ते ठरलेलं नाही. पण लढून परत यायला पाहिजे, एवढं नक्की आहे."

तळोज्याच्या कारखान्यात तू केमिकलच्या टाक्यांची ड्रॉइंग काढत आलीस, आणि निवृत्त झाल्यावर पहिलं काम काय केलंस तर हे. तुला त्या यानाचं प्लास्टिकचं किट बनवायचं होतं, घरी बसून जोडता येईल असं. माझ्या आधी तू दोन-तीन गाळ्यांत जाऊन आली होतीस आणि सगळे हसले होते. हसले मीही. पण मी अट घातली, जो भाग साच्यातून सुटणार नाही तो तुम्हाला बदलावा लागेल, मी सांगेन तसा. तू म्हणालीस, "चालेल."

मला राग आला. समोरचं माणूस जरासुद्धा ओढत नसेल तर सौदा केल्यासारखं वाटतच नाही. मी म्हटलं, "अहो, असं लगेच चालेल काय म्हणता? थोडं तरी ताणा."

"मला ताणता येत नाही," तू म्हणालीस. "शिकवाल?"

शिकवलं. आणि मग जे काही भोगलं ते सांगायला आता तुझ्याशिवाय कोणी नाही.

तुझा नियम एकच होता. विमानवाहू जहाज म्हणजे वर डेक, पोटात गॅरेज आणि मध्ये लिफ्ट. यान कितीही मोठं, कितीही शूर असलं तरी पंख मिटून लिफ्टमध्ये मावलं पाहिजे. नाही मावलं तर ते या जहाजाचं नाही. तू एक चपलेचा खोका आणून टेबलावर ठेवलास आणि सांगितलंस, "ही आपली लिफ्ट. मॉडेल पंख मिटून यात बसलं पाहिजे आणि झाकण लागलं पाहिजे." त्यानंतर मी काहीही मागितलं की तू खोक्यावर बोट ठेवून विचारायचीस, "काय देतेस?" इंजिन मोठं हवं, काय देतेस? टॉर्पेडो दोनाचे चार हवेत, काय देतेस? माझ्या गाळ्यात, माझ्या टेबलावर, माझ्यासारख्या बाईला काय देतेस म्हणून विचारणारी तूच पहिली.

मला ते इतकं आवडलं की मी सुट्टीच्या दिवशी तुझ्याकडे यायला लागले. कोपरखैरण्यात तुझी सोसायटी जिथे उभी आहे तिथे माझ्या वडिलांची भातशेती होती. आम्ही तिथल्याच बोनकोडे गावचे. जमीन शहरासाठी गेली, बदल्यात भावांना प्लॉट मिळाले, मला साच्यात प्लास्टिक दाबायची एक जुनी हाताची मशीन मिळाली, त्यावर मी हे सगळं उभं केलं. हे मी सगळ्यांना ऐकवते तसं तुलाही ऐकवलं. म्हटलं, "तुझ्या किचनच्या जागी माझ्या बापाचा बांध होता."

"मग चहा सांडू नकोस," तू म्हणालीस. "घरचीच जमीन आहे."

तुझं ते डायनिंग टेबल. एका बाजूला विद्याधरांचं वर्तमानपत्र, दुसऱ्या बाजूला आपलं युद्ध. पंख मिटायचे कसे यावर आपण पावसाळाभर अडकलो होतो. तू सुंदर बिजागरी काढली होतीस, सहा तुकड्यांची. मी म्हटलं, हे जोडताना माणूस रडेल. मी पिशवीतून बादलीचा कान काढला आणि कडी त्यात दाबून बसवून दाखवली. टक् आवाज झाला. फिरते, पण निसटत नाही. तू ती कडी घेऊन कितीतरी वेळ उघडत आणि मिटत बसलीस. विद्याधर पेपरमागून म्हणाले, "आता आपल्याकडे ताऱ्यांवर बादली जाणार."

"जाऊ दे," तू म्हणालीस. "बादली कधी पडली का हातातून?"

आणि तुझं मॅनहोल. ते आठवलं की मी अजूनही एकटी हसते, कामगार बघत राहतात. पूर्ण यान काढून झालं, तू ड्रॉइंग पसरलंस, आणि पोटावर एक गोल झाकण. मी विचारलं, हे काय? तू एकदम सहज म्हणालीस, "मॅनहोल. आत उतरून साफ करायला." आयुष्यभर टाक्या काढल्यास, तुझ्या हाताला मॅनहोलशिवाय पोट काढताच येत नव्हतं. आणि सगळ्यात खाली, अगदी बुडाला, पाणी काढून टाकायचा व्हॉल्व्ह. मी म्हटलं, "शुभा, अवकाशात खाली कुठे असतं?"

तू ड्रॉइंगकडे बघितलंस. कागद उलटा धरून बघितलास. मग इतकी हसलीस की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पण ते मी तुला खोडू दिलं नाही. मॅनहोलला आपण टॉर्पेडो भरायचं दार केलं, आणि व्हॉल्व्हला संकटात इंधन सोडून देऊन हलकं व्हायची सोय. त्या दोन गोष्टींमुळेच ते यान खरं दिसतं. मॉडेलवाल्यांच्या मेळाव्यात लोक सगळ्यात आधी त्यांच्याकडेच बोट दाखवायचे.

डेकवर टेकवायचं कसं यावर तू पुस्तकांतून वाचून आली होतीस. समुद्रावरची विमानं मागे हूक टाकून दोराला अडकतात. पण जिथे वजनच नाही तिथे अडकवून काय उपयोग, चेंडूसारखं उडून परत जाईल. तू म्हणत होतीस चुंबक. मला चुंबक पटत नव्हतं. आम्ही बाजार करणारी माणसं, जे हाताला लागत नाही त्यावर विश्वास ठेवत नाही. त्याच दिवशी गाळ्याबाहेर कंटेनरचा ट्रेलर उभा होता. मी तुला ओढत नेलं. कंटेनरच्या चारी कोपऱ्यांना भोकं असतात, खाली ट्रेलरला खिट्टी असते, बसवली आणि फिरवली की तो डबा घाट उतरला तरी हलत नाही. मी दाखवलं आणि तू सरळ खाली बसलीस, मग ओढणी कमरेला खोचून ट्रेलरखाली अर्धी शिरलीस. ड्रायव्हर धावत आला.

"मॅडम, काय पडलं का?"

"नाही हो," तू खालून म्हणालीस. "विमान बसवायचंय."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "बघू द्या त्यांना. मोठं काम हाय." त्याने तुला टॉर्च दिली. वर तुला खिट्टी दोनदा फिरवूनही दाखवली.

म्हणून निवटी डेकवर येते तेव्हा हूक टाकत नाही. हळूच पोट टेकवते आणि चार कोपऱ्यांत चार खिट्ट्या फिरतात. हे माझं आहे, शुभा. म्हणजे कल्पना माझी, रेष तुझी.

नावसुद्धा. तुझ्या मनात काहीतरी वीज, वज्र, अग्नी असं चाललं होतं. मी तुला खाडीवर नेलं, भरती ओसरल्यावर. चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या. मासा असून पाण्याबाहेर येते, पुढच्या परांवर जोर देऊन सरपटते, डोकं जाडं, डोळे वर आलेले, काही झालं की सटकन परत बिळात. तू बराच वेळ बघत राहिलीस. मी म्हटलं, हीच तुझी जड फायटर. घर सोडून दुसऱ्याच्या मुलखात जाते आणि न चुकता परत येते. तू विचारलंस, "ही खातात का?" मी म्हटलं, "खातात म्हणजे? आंबट करून खातात." तू म्हणालीस, नाव दिलं, पण आंबट खायला घालणार असशील तरच. घातलं. दोनदा मागून घेतलंस. आयुष्यात मी एवढ्या स्वस्तात काही घेतलेलं नाही.

पाठीवरची फिरती तोफ मात्र मला महाग पडली. कॉकपिटच्या मागे, वर, सगळीकडे फिरणारी. तुला ती नको होती, उंची खाते म्हणायचीस. मी तिच्यासाठी तिसरं इंजिन सोडलं, टॉर्पेडो चारावरून परत दोनावर आणले, आणि तरी तू मानत नव्हतीस. मग मी माझं नेहमीचं केलं. पर्स उचलली, जाते म्हटलं, दाराबाहेर पडले. गिऱ्हाईक जायला निघालं की दुकानदार हाक मारतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी सावकाश जिने उतरले. हाक नाही. खाली येऊन स्कूटर काढली. हाक नाही. गेटपर्यंत आले तेव्हा तू गॅलरीत आलीस आणि ओरडलीस, "भारती, डबा विसरलीस."

मला डब्यासाठी परत वर यावं लागलं. त्या चढत्या जिन्यात मी हरले होते, ते आपल्या दोघींनाही कळलं होतं. मी आत आले आणि म्हटलं, तोफेचा आकार लहान करते. तू म्हणालीस, "बस. चहा टाकलाय." म्हणून ती तोफ मला इतकी प्यारी होती. माझ्या हाताखाली ती टकटक फिरायची आणि मला वाटायचं, हे मी जिंकलंय. हरून, पण जिंकलंय.

आता वाशीच्या मेळाव्याबद्दल लिहिते, नाहीतर हे सगळं गोड गोड होऊन जाईल आणि तू म्हणशील, भारती आजारी आहे का?

साचा व्हायच्या आधी माझ्या टूलरूममध्ये कोरून काढलेलं निवटीचं पहिलं सॅम्पल तू स्वतः रंगवलं होतंस, खाडीच्या चिखलाचा रंग, पंखांवर निळे ठिपके. आपण ते टेबलावर मांडलं. बाजूला लोकांनी खऱ्या विमानांची, रणगाड्यांची मॉडेलं मांडली होती, आणि गर्दी आपल्या टेबलापाशी. मी नवी साडी नेसून उभी होते. एक गृहस्थ आले, गळ्यात दोरीला चष्मा, मिटलेला पंख उघडून बघितला, खिट्ट्या बघितल्या, खूश झाले आणि विचारलं, "डिझाइन कोणाचं?"

तू म्हणालीस, "माझं." मग माझ्याकडे हात केलास. "आणि पार्ट या काढून देतात."

पार्ट या काढून देतात. झेरॉक्सवाल्याबद्दल बोलावं तसं.

त्यांनी मला हसून मान डोलावली आणि तुझ्याशी बोलायला लागले. मी बाहेर जाऊन बटाटेवडे खाल्ले, एकामागून एक, आणि परत येऊन टेबल आवरायला मदत केली. तुला वाटलं मी दमलेय. आजही हे लिहिताना माझे कान गरम झालेत. तू मुद्दाम म्हणाली नाहीस हे मला माहीत आहे, पण मुद्दाम म्हटलं असतंस तर मी तिथल्या तिथे फेडलं असतं. सहज म्हणालीस म्हणून फेडता आलं नाही. आणि तुला मी कधी सांगितलंही नाही, कारण सौद्यात आपल्याला कुठे लागलंय हे समोरच्याला दाखवायचं नसतं. तेवढंच एक मी तुला शिकवलं नव्हतं.

पुढच्या सुट्टीला मी आले आणि बसायच्या आधीच म्हटलं, "निवटीत दुसरी सीट पाहिजे."

"का?"

"पाहिजे."

"काय देतेस?"

"काहीच नाही. पाहिजे म्हंजे पाहिजे."

तू माझ्याकडे नीट बघितलंस. चिडले की माझी बोली गावची होते, हे तुला ठाऊक होतं. तू शांतपणे खोका पुढे ओढलास, निवटी त्यात ठेवलीस आणि झाकण लावलंस. कुठे एवढीशीसुद्धा जागा उरत नव्हती.

"एक माणूस म्हणजे एकाचा श्वास, एकाचं पाणी, एकाचं वजन," तू म्हणालीस. "आणि भारती, यान परत नाही आलं तर एकाच घरात रडारड होते."

"आणि दोघी असल्या तर परत येतं. एक झोपली तर दुसरी जागी. एक घाबरली तर दुसरी शिव्या घालते."

"शिव्या रेडिओवरून घालता येतात."

"निवटीला डोळे किती?"

"दोन. पण डोकं एकच."

विद्याधर पेपर घडी करून गॅलरीत निघून गेले. त्या दिवसापासून आपलं दुसरं काही बोलणंच होत नव्हतं. मी फोन केला की तू हॅलोच्या जागी "एक" म्हणायचीस आणि मी "दोन" म्हणून फोन ठेवायचे. तू मला पिठलं खायला बोलावून पानात भाकरी एकच वाढलीस आणि सरळ चेहऱ्याने म्हणालीस, दुसरी बसत नाही, वजन होतं. मी तुझ्या वाढदिवसाला शेजारी शेजारी दोन माणसं बसलेली झोपाळ्याची मूर्ती आणली. मनात राग होता आणि तरी मला इतकी मजा येत होती. माझ्या एवढ्या वर्षांच्या धंद्यात लोक माझ्याशी भावासाठी भांडले, मालासाठी भांडले. एका खुर्चीसाठी, आणि तीही जी कुठल्याच जगात नाही अशा यानातल्या खुर्चीसाठी, माझ्याशी कोणी इतकं मनापासून भांडलं नव्हतं.

शेवटी तू भाव सांगितलास. "तोफ दे. पाठीवरची. ती गेली की मागे जागा होते, उंचीही मिळते. तोफ दे, सीट घे."

"तोफ माझी हाय."

"म्हणूनच मागतेय. जे नको ते दिलं तर त्याला देणं म्हणतात का?"

मी म्हटलं, तोफ मिळणार नाही. आणि तिथेच ते राहिलं. मग तुझं दुखणं आलं.

दवाखान्यात मी भेटायला आले तेव्हा तोंडावर मास्क होता. विद्याधर म्हणाले, बोलू देऊ नका तिला. तू मास्क बाजूला केलास आणि म्हणालीस, "सीटचं बोल."

मी म्हटलं, "विचार करून सांगते."

तू हसलीस. "मला थांबवतेस ना? समोरच्याला थांबवलं की तो भाव उतरवतो. तुझंच शिकलेय मी. थांबते की."

आणि थांबली नाहीस. हे मात्र मी शिकवलं नव्हतं.

परवा विद्याधर गाळ्यावर आले. ते कधी आले नव्हते. मशीनच्या आवाजात बिचकून उभे होते, मी त्यांना ऑफिसमध्ये बसवलं. चहा झाला. मग म्हणाले, "भारतीताई, ते सीटचं तुम्हाला हवं तसं करा. दोन करा. तिला आता काय फरक पडतो?"

मी उठून उभी राहिले. "फरक पडत नाही म्हंजे? तिने भाव सांगितलाय. तुमी कोन सोडून देनारे?"

मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. ते माझ्याकडे बघत राहिले आणि हसायला लागले. तू गेल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघितलं. म्हणाले, "ती म्हणायची, भारतीला फुकट काही दिलं तर ती घर डोक्यावर घेते."

बरोबर म्हणायचीस. पण फुकटाचं घ्यायचं नाही, एवढंच कारण नव्हतं. दुकानात मालक नसताना आपण वस्तू उचलून निघून गेलो, तर ती वस्तू घरात ठेवता येत नाही. रोज नजरेला पडते. दुसरी सीट तशी कोरली असती तर प्रत्येक किटमध्ये, प्रत्येक घरी, ती मला तशीच दिसली असती. आणि एक सीट ठेवून तुझा शब्द राखला असता तर सगळ्यांनी मला किती मोठ्या मनाची म्हटलं असतं, आणि मला ते आयुष्यभर गिळता आलं नसतं. मला मोठं मन नको. मला सीट हवी होती. तुझ्याकडून हवी होती.

आत्ता हे लिहिताना मध्येच थांबून मी सॅम्पल टेबलावर घेतलं. तोफ एकदा फिरवली, पुढे, मागे, परत पुढे. आणि खाली नख घालून काढली. फार सहज निघाली. मीच बनवलेली खाच, सुटायला सोपी ठेवली होती. मागे एक चौकोनी पोकळी दिसायला लागली, अगदी सीटच्या मापाची. तू ते माप आधीच बघून ठेवलं होतंस, म्हणून तर तोफच मागत होतीस. मग मला एकदम जाणवलं की उभ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच एखादी गोष्ट समोरच्याने सांगितलेल्या भावात घेतली. एक पैचीही घासाघीस न करता. ही गोष्ट बाजारात कोणाला कळू देऊ नकोस.

आता घेतलीच आहे तर का हवी होती तेही सांगते. सौदा झाल्यावर सांगायला हरकत नसते.

मी पार्ट काढून देत नव्हते, शुभा. माझ्या गाळ्यातून आजवर जे बाहेर पडलं ते कशाची तरी कडी होतं, कशाचं तरी झाकण होतं, कोणाचा तरी कान होता. बादली दुसऱ्याची, बाटली दुसऱ्याची. निवटी ही पहिली वस्तू, जी पूर्ण होती आणि जिच्यात मी होते. त्या चष्मेवाल्या गृहस्थांना तू "आमचं" म्हणाली असतीस तर मी एका सीटवर खूश राहिले असते, तोफेसकट. एक शब्द वाचवलास आणि तोफ घेतलीस. तू माझ्यापेक्षा चांगला सौदा करायला शिकली होतीस आणि तुला त्याचा पत्ताही नव्हता.

राग अजून आहे. तो असू दे, तो माझा आहे, तो मी कशाच्याच बदल्यात देणार नाही. पण रविवारी मी तुझं टेबल, तो खोका, तुझी ती 'काय देतेस' म्हणतानाची वर उचललेली भुवई आठवते, आणि मला रडू यायच्या आधी हसू येतं. माझ्यासारख्या भांडकुदळ बाईला एवढा आनंद कोणी देऊन जाईल असं मला वाटलं नव्हतं. तू दिलास. त्याचे आभार मानायची मला सवय नाही, म्हणून इथे लिहून ठेवते आणि पुढे जाते.

हे लिहिता लिहिता उठले आणि टूलरूममध्ये गेले. रफिकभाई चहा पीत होता. मी म्हटलं, "दोन."

त्याने चहा खाली ठेवला. "पक्कं?"

"पक्कं. तोफ काढून टाक."

त्याने सॅम्पल हातात घेऊन ती रिकामी जागा बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि तो स्टीलवर मार्करने खुणा करायला लागला. मग म्हणाला, "पुढची आणि मागची एकाच उंचीची करू ना? सोपं पडेल."

"नाही. मागची थोडी वर घे. पुढच्या बाईच्या डोक्यावरून समोरचं सगळं दिसलं पाहिजे. नाहीतर मागची भांडत बसेल."

"पुढे शुभामॅडम?"

"पुढे तीच. यान तिने आणलं होतं."

"मग मागे कोण भांडणार?" तो म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता त्याने मशीन चालू केली.